टाचा टेकवून

खाडीवर माशांची मोजणी करणारी ती बाई अंगानं एवढीशी होती, पण आवाज असा की समोरच्या बोटीतला माणूस आपोआप उठून उभा राहायचा. सगळे तिला तोंडावर मोजणीबाई म्हणत आणि पाठ फिरली की मोजणीबुटकी. तिला ते माहीत होतं. "बुटकी म्हणा, ठेंगणी म्हणा, मला काय त्याचं? मासा मात्र माझ्या फळीवर ठेवल्याशिवाय वर न्यायचा नाही," असं ती ठणकावून सांगायची.

काम तसं साधंच. पोटासाठी मासेमारी करणाऱ्यांचं बंदर निराळं होतं. इथं यायचे ते हौशी लोक. दुकानदार, वकील, निवृत्त मास्तर, बायकोशी भांडून आलेले नवरे. भाड्याची बोट घ्यायची, दिवसभर गळ टाकून बसायचं आणि ऊन उतरायच्या आत परत यायचं. परतताना बोटी ओढून घ्यायचा जो सिमेंटचा उतार होता, त्याच्या पायथ्याशी मोजणीबाई आपली फळी मांडून उभी असायची. बोटीत माणसं किती, गळ कुठं टाकला, काय लागलं, काय सोडून दिलं, असे तिचे ठरलेले प्रश्न. मग मासे एकेक करून फळीवर.

फळीच्या एका टोकाला आडवी पट्टी होती. माशाचं तोंड मिटवून त्या पट्टीला टेकवायचं, अंग सपाट निजवायचं आणि शेपटी जशी पडेल तशी पडू द्यायची. हौशी लोक म्हणजे एक नंबरचे चालू. मासा मापाला थोडा कमी पडतोय असं दिसलं की बोलता बोलता शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत धरायची, म्हणजे ती निमुळती होऊन मासा लांब दिसतो. असं कुणी केलं की बाईचा हात फटकन त्याच्या मनगटावर पडायचा.

"शेपटी चिमटायची नाही!"

वकिलांनीसुद्धा तो फटका खाल्ला होता. मापाखालचा मासा ती स्वतः पाण्यात सोडायची, आणि सोडताना दर वेळी म्हणायची, "जा बाबा, मोठा होऊन ये."

त्या हंगामात मासेमारी खात्याच्या ऑफिसातून एक नवीन काम निघालं होतं. परत सोडायच्या माशांच्या पाठीवरच्या पराला छोट्या चिमट्यानं त्रिकोणी काप द्यायचा. पुढं तो मासा पुन्हा कुणाच्या गळाला लागला तर ओळखू यावा, किती वाढला ते कळावं, एवढाच त्यातला हेतू. बाई ते कामही मन लावून करू लागली.

आता तिच्या घरातलं सांगायला हवं. तिचा नवरा उंचच्या उंच होता. घरात शिरताना चौकटीखाली मान वाकवायचा. तिच्याशेजारी उभा राहिला की लोक हसायचे, आणि तोही हसायचा. त्याला ती लंबू म्हणायची. दोनेक वर्षांपूर्वी लंबू आणि त्यांची एकुलती एक पोरगी बोट घेऊन खाडीच्या तोंडाशी तरंगणाऱ्या लाल बोयापाशी गळ टाकायला गेले होते. वारा नाही, लाटा नाहीत, आणि बोट उलटली. लंबू सापडला नाही. शोधणाऱ्यांनी पाणी पिंजून काढलं, पण त्याची चप्पलही मिळाली नाही. पोरगी मात्र उताराच्या पायथ्याशी बसलेली सापडली. ओली गच्च, गप्प आणि जिवंत. तिला पोहता येत नव्हतं. बोया तिथून कुठल्या कुठं. एवढं अंतर ती आली कशी, ते कुणालाच सांगता येईना. तिलाही आठवत नव्हतं. कानाच्या कडेला तेवढी जखम होती, सुजलेली. शिंपल्यानं कापलं असेल असं म्हणून डॉक्टरांनी पट्टी बांधली.

लोकांना वाटलं, बाई आता नोकरी सोडेल. सोडते कशाला! तेराव्यानंतर ती पुन्हा फळी घेऊन उतारावर उभी. "नवरा नेला तो नेला, आता पोटावरही पाय आणू देऊ का त्या पाण्याला?" असं ती आमिष विकणाऱ्या मावशीला म्हणाली.

हे सगळं उघडकीला आलं ते दाताच्या डॉक्टरमुळे. तो बडबड्या माणूस दर रविवारी यायचा. एकदा आला तो बोटीतूनच ओरडत, "बाई, हा घ्या तुमचा कापवाला!"

खरंच तिनं काप दिलेला मासा होता. तिनं तो हातात घेऊन निरखला. जखम कधीच भरली होती. कापाच्या कडा गोल झाल्या होत्या, पांढुरक्या पडल्या होत्या, पण त्रिकोण तसाच्या तसा. मासा वाढला तसा कापही वाढलेला. तिनं फळीवर निजवला. मासा मापात बसला होता.

"म्हणजे आता माझा ना?" डॉक्टर म्हणाला.

"तुमचा," बाई म्हणाली. डॉक्टर खुशीत पिशवी हलवत गेला.

त्या संध्याकाळी पोरगी वेणी घालून घ्यायला आईपुढं बसली. पोरगी हल्ली झपाट्यानं वाढत होती. दोघी बसल्या तरी आईला मान वर करावी लागायची. बाईनं केस मागं घेतले, आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. कानाच्या कडेला त्रिकोणी काप होता. कडा गोल, पांढुरक्या. शिंपल्यानं कापलं तर वेडंवाकडं फाटतं. हे कुणीतरी नीट धरून, बेतानं, एका दाबात केलेलं होतं. रोज असे काप देणाऱ्या हाताला ते कळायला कितीसा वेळ लागतो?

"आई, ओढू नकोस ना. काय बघतेस?"

"काही नाही गं... फार वाढलीस."

"मग? बाबांवर गेलेय मी."

वेणी कशी घातली गेली बाईला समजलं नाही. रात्रभर तिच्या कानात तिचंच वाक्य वाजत राहिलं. जा, मोठा होऊन ये.

दुसऱ्या दिवशी ती मावशीच्या टपरीवर गेली. मावशी खोक्यातली कोळंबी निवडत होती. आमिषाचा तो कुबट वास, बर्फाचं पाणी खाली ठिबकतंय, आणि गिऱ्हाईक एकही नाही. मावशीचा मुलगा बरीच वर्षं झाली पाण्यात गेला होता. त्यावर ती कधी बोलायची नाही, आणि कुणी विचारतही नसे. बाईनं सरळ विचारलं.

"मावशी, तुमच्या मुलाच्या कानाला काप होता का?"

मावशीचे हात कोळंबीतच राहिले. "तुला... कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. होता का?"

"होता." मावशी हळू आवाजात बोलू लागली. "शाळेत होता तेव्हा पडला होता बोयापाशी. परत आला. उतारावर बसलेला सापडला, तुझ्या पोरीसारखाच. म्हटलं, देव पावला. मग मिसरूड फुटलं आणि उंची सुटली त्याला. महिन्यात पँटी आखूड व्हायच्या. एक दिवस भरदुपारी धुकं आलं. हा जेवत होता. ताटावरनं उठला आणि म्हणाला, आलो गं. मी म्हटलं, अरे कुणाला ओ देतोस? तो उतार उतरून गेला... चपला घालून गेला, बाई. पोहायला जाणारा माणूस चपला घालून जातो का?"

एवढं बोलून तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा कोळंबी निवडायला लागली.

बाई टपरीच्या बाकावर मटकन बसली. तिला आता सगळं लख्ख दिसत होतं. खाडीत पडून परत आलेली माणसं तिनं मनाशी आठवली. न्हावी, तो तिच्याहून बुटका. मास्तरांची धाकटी. नाहीतर पोरंच. आणि जे परत आले नाहीत ते सगळे धिप्पाड, उंच. तिच्या लंबूसारखे. खाली कुणीतरी फळी मांडून बसलं होतं. कुणीतरी मोजत होतं, मापाखालचं परत सोडत होतं, आणि सोडताना खूण करून ठेवत होतं.

तिला भीती वाटली का? वाटली तर! पण ही बाई अशी होती की भीतीच्या मागोमाग तिला संताप यायचाच. माझ्या पोरीला मासळी समजतं काय हे? ती उठली आणि घरी जाऊन पोरीला बजावलं, उताराकडं फिरकायचं नाही. पोरगी फणकारली, आदळआपट झाली, दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. ऑफिसातल्या साहेबाला सांगावं असंही एकदा बाईच्या मनात आलं होतं. पण साहेब चष्मा पुसत म्हणाला असता, बाई, एवढ्याशा नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून तिनं तो नाद सोडला.

आणि मग एका दुपारी धुकं आलं.

आधी बोया दिसेनासा झाला, मग धक्का, मग उताराच्या कडेचे लोखंडी खांब. आत गेलेल्या बोटी भोंगे वाजवत पलीकडच्या किनाऱ्याला वळल्या, आणि भोंगेही थांबले. मावशीनं टपरीची फळकुटं लावून घेतली. बाई आपलं सामान आवरायला लागली. हवेला शेवाळाचा वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा एक, बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या पेटीसारखा. पाणी इतकं स्थिर की उतारावर चढण्याउतरण्याचा आवाजही नव्हता.

मग आवाज आला.

थप्प.

बाईनं तो आयुष्यभर ऐकलेला होता. ओली वस्तू लाकडी फळीवर निजवल्याचा आवाज. पण तिची फळी तिच्या काखेत होती. आवाज समोरून आला होता, पाण्याच्या बाजूनं, अगदी जवळून.

थप्प... आणि मग काहीतरी ओढल्यासारखं, सरकवल्यासारखं. तोंड पट्टीला टेकवताना होतं तसं.

"कोण आहे?" तिनं विचारलं. तेवढ्यात तिच्या पाठीमागं, उताराच्या वरच्या टोकाकडून, चपलांचा आवाज यायला लागला.

पोरगी खाली येत होती. अर्धवट घातलेली वेणी, हातात तशीच राहिलेली रिबीन. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते.

"इकडं कशाला आलीस? सांगितलं होतं ना मी!"

"तूच तर हाक मारलीस, आई..." पोरगी झोपेतल्यासारखी म्हणाली. "मघापासून मारतेयस."

बाईनं तिचा दंड धरला. दंड दगडासारखा गार होता, आणि पोरगी थांबेना. आईला ओढतच ती पाण्याच्या कडेपर्यंत गेली, वळली, आणि पाण्याकडं पाठ करून ताठ उभी राहिली. पाय जुळवलेले, हनुवटी सरळ, हात बाजूला. तिच्या पाठीमागं धुकं असं काही दाट झालं की त्याला कड आली. सरळ, उभी कड, पट्टीनं आखावी तशी. मग बाईच्या डोळ्यांदेखत पोरीच्या डोक्यावरचे केस चपटे झाले. वरून काहीतरी सपाट, जड, ओलं हलकेच टेकवावं तसे. कपाळावरून पाण्याचा ओघळ आला.

खरं सांगायचं तर त्या क्षणी बाईनं हात टेकलेच होते. असल्या गोष्टीपुढं माणसानं करायचं तरी काय? तिनं नजर खाली वळवली, आणि तेवढ्यात तिला ते दिसलं.

पोरीच्या टाचा उचलल्या जात होत्या.

ती स्वतः उचलत नव्हती. तिच्या पोटऱ्या सैल होत्या. चपलांतून टाचा अलगद वर येत होत्या, खालून कुणी बोटं घालून उचलाव्यात तशा. अंगठ्यांवर आली असती तर पोरगी चांगली चार बोटं उंच झाली असती. माप कमी पडत होतं, म्हणून ते वाढवून घेणं चाललं होतं!

हे मात्र बाईला सहन झालं नाही. मरणाची भीती एक वेळ गिळता येते, पण ही लबाडी? तीही तिच्या उतारावर, तिच्या डोळ्यांसमोर?

"ए!" ती अशी कडाडली की मावशीनं टपरीत हातातला दिवा खाली ठेवला. "टाचा खाली! टाचा टेकवून मोज!"

ती शेवाळात गुडघ्यांवर पडली, दोन्ही हातांनी पोरीचे घोटे धरले आणि सगळा भार टाकून दाबले. हातांखाली दुसरं काहीतरी होतं, गुळगुळीत, गार, बोटांसारखं आणि बोटांहून लांब. बाईनं त्याच्यावर फटकन तडाखा दिला. रोज द्यायची तसाच.

"चिमटायचं नाही! उचलायचं नाही! मोजायचंय ना तुला? मोज. मी कुठं नाही म्हणते? पण नीट मोज. तोंड मिटून, अंग सपाट, शेपटी पडेल तशी. नियम तुला माहीत नाही का? की माझा लंबूही असाच ओढून ताणून नेलास? तेव्हा मी बोटीत नव्हते म्हणून साधलं तुला. आता मी इथं आहे. इथं माझी मोजणी चालते, समजलं? उचल बघू आता टाचा... उचलून तर दाखव!"

तिला रडू येत होतं आणि ती रडत रडत ओरडत होती. हात मात्र तिनं ढिले सोडले नाहीत. हातांखालची ती गार बोटं थोडी वळवळली, थांबली, आणि मागं सरली. टाचा सिमेंटला टेकल्या.

पोरीच्या डोक्यावर ते जे काही होतं ते पुन्हा एकदा बसलं. या वेळी सावकाश. बाई श्वास रोखून बघत राहिली. धुक्यातली ती कड किंचित हलली, पुढं झाली, मागं झाली. एखादा काटेकोर माणूस वाकून, डोळा लावून आकडा वाचतो तेवढा वेळ गेला.

मग पोरीचे केस एकदम मोकळे झाले. ती आईच्या अंगावर कोसळली. पाण्यात काहीतरी वळल्यासारखा आवाज झाला. मापात बसली नव्हती पोर. थोडक्यात, पण बसली नव्हती.

"आई," पोरगी आता शुद्धीवर येऊन म्हणाली, "मी इथं कशी आले? आणि तू शेवाळात काय करतेस?"

"तुझं माप घेत होते," बाई म्हणाली, आणि पोरीला घट्ट धरून तिनं हंबरडा फोडला.

तुम्ही म्हणाल, मग ती पोरीला घेऊन तिथून निघून का नाही गेली? गेली ना. म्हणजे पोरीला तरी पाठवलं तिनं, डोंगरातल्या बहिणीकडं, जिथून समुद्र नकाशातच बघायचा. पंधरवडा बरा गेला. मग बहिणीचा फोन आला. "ताई, कसं सांगू तुला... धुकं पडलं की ही पोर मागच्या दारी जाते आणि पाण्याच्या टाकीला पाठ लावून ताठ उभी राहते. टाचा उचलून. हलवलं तरी हलत नाही. मला भीती वाटते गं."

मिळेल त्या गाडीनं बाई गेली आणि पोरीला परत घेऊन आली. जिथं तिथं ते पोचणारच असेल, तर जिथं आपण उभ्या आहोत तिथं आलेलं बरं. त्यानंतर तिनं रजा घेतली नाही. धुकं आलं की ती पोरीला आपल्याशेजारी, आपल्या हातांखाली ठेवायची. दोनदा आलं ते. दोन्ही वेळा बाई गुडघ्यांवर बसली, घोटे दाबून धरले आणि खडसावून माप घ्यायला लावलं. दोन्ही वेळा पोर थोडक्यात सुटली. पण पोरगी वाढतच होती. बाई तिला जेवू घालायची, आणि घास तोंडात जाताना बघून तिला बरंही वाटायचं आणि पोटात तुटायचंही. "वाढ हो तू, खुशाल वाढ," ती म्हणायची. "मापात आलीस तर मग माप काय आणि फळी काय, मी मोडून टाकीन."

मग परवा एक बोट बोयापाशी उलटली. बोटीत एकटाच माणूस होता, कुठलासा पाहुणा, चांगला ताडमाड उंच. बघणाऱ्यांनी त्याची आशा सोडलीच होती. पण तासाभरात तो उताराच्या पायथ्याशी बसलेला सापडला, भिजलेला, दात वाजत असलेला. बाईनं आधी त्याचे कान बघितले. दोन्ही कान धड होते. असं आजवर झालं नव्हतं.

मावशीनं त्याच्या अंगावर पोतं टाकलं. बाई त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"काय झालं खाली?"

त्यानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. "मोजणीबाई... तुम्हीच का?"

"मीच. का?"

"मला... निजवलं होतं. सपाट. आणि विचारलं, वर मोजणीबाई आज आहे का. सकाळी जाताना तुम्हाला फळीपाशी बघितलं होतं, म्हणून म्हटलं, आहे. तसं लगेच सोडलं मला."

मावशी तोंडाला पदर लावून उभी होती. तो माणूस पोतं आवळून तिच्या आणखी जवळ सरकला.

"सोडता सोडता परत विचारलं," तो कुजबुजला. "उद्या?... असं. एवढंच. उद्या?"

बाई उठली. पाण्यात बूट बुडेपर्यंत ती उतार उतरून गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"उद्या आहे," ती ओरडली. "परवा आहे. दुखणं आलं तर खाट इथं आणून टाकीन, पण आहे!"

पाणी हललं नाही. ती परत वर आली, फळी धुतली आणि धक्क्याला लागत असलेल्या बोटीला म्हणाली, "या. माणसं किती आहात आत?"